हवेवरचा भार

चि. मधुरा,


परवा फोनवर तू 'एअरबोर्न' हा शब्द इतक्या सहज वापरलास की टीबीच्या पेशंटच्या नातेवाइकांनाही तोच ऐकवत असशील, अशी शंका आली. ती माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन पेशंटचं ताट-वाटी वेगळी करतात.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. त्यातलं 'बोर्न' म्हणजे वाहून नेलेलं. आपला 'भार' त्याच जुन्या कुळातला. तुझ्या कामाचा अर्थ एवढाच की इथे जंतूचा भार हवा वाहते. भांडी, चादरी वाहत नाहीत.

आपल्या शास्त्रानेही इथे गोंधळ घातला आहे. विल्यम वेल्स यांनी १९३४ साली मांडलं की खोकल्यातले मोठे थेंब खाली पडतात, बारीक थेंब मात्र पडण्याआधीच सुकतात आणि उरलेला कण तासन्‌तास तरंगतो. त्यांची सीमारेषा साधारण १०० मायक्रॉनची होती. पुढे पाठ्यपुस्तकांत ती ५ झाली. खरं तर ५ हा फुप्फुसात खोलवर पोचणाऱ्या कणांच्या संदर्भातला आकडा. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आणि कुणी मागे वळून मूळ लेख वाचले नाहीत. म्हणून मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे सांगत होती. परिभाषा नव्याने ठरायला २०२४ उजाडलं. तू मूळ लेख वाचत जा, कंटाळवाणे असले तरी.

रायली यांचा बाल्टिमोरचा प्रयोग तर वाचच. टीबी वॉर्डातली हवा नळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या गिनी पिगांपर्यंत नेली होती. पेशंटशी त्यांचा दुसरा काही संबंध नव्हता, तरी त्यांना टीबी झाला. ज्यांच्याकडे अतिनील किरणांतून गेलेली हवा पोचली, ते वाचले.

तेव्हा नातेवाइकांना शब्द सांगू नकोस, घर विचार. खोल्या किती, पेशंट कुठे झोपतो, समोरासमोर खिडक्या आहेत का. एकाच खोलीत सहा माणसं राहत असतील तर 'वेगळं झोपा' म्हणणं ही थट्टा होते. तिथे दार उघडं, पेशंटच्या तोंडाला मास्क आणि गोळ्यांत खंड नाही, एवढंच पदरात पाड. घरातल्या लहान मुलांची तपासणी विसरू नकोस. आणि ताट एकत्र धुतलं तरी चालतं, हे सासूच्या देखत सांग, सुनेला एकटीला नको.

तुमच्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतीचं छत उंच, खिडक्या मोठ्या. तिला नावं ठेवू नकोस. पेरूमध्ये लिमाच्या रुग्णालयांत मोजणी झाली, तेव्हा अशाच जुन्या वॉर्डांत हवा जास्त खेळती निघाली. थंडीत रात्री खिडक्या लावून घेतात म्हणालीस. सिस्टरांशी आधी बोल, जादा ब्लँकेटं मिळव, मग खिडक्यांचं काढ. आणि तुझा स्वतःचा एन-९५ मास्क नाकावर नीट दाबून बसव.

तुझी,
मावशी