एका शनिवारी शाळेत ये

अगं, बँक सोडून बी.एड. करायचं हे तू दिवाळीपासून म्हणते आहेस. कधी फॉर्मची तारीख विचारतेस, कधी म्हणतेस, "एकोणतिसाव्या वर्षी कसलं आलंय बी.एड.!" दोन्ही वेळी आवाज सारखाच थकलेला. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून आज लिहूनच काढते.

तुला बँक नकोशी झाली आहे की शाळा हवीशी झाली आहे? महिनाअखेरीला समोरच्याच्या गळ्यात विमा बांधायचा, रात्री उशिरा साहेबांचे मेसेज, यानं कुणीही विटेल. पण त्यावर दुसरी शाखा, दुसरी बँक हाही इलाज असू शकतो. शाळेची ओढ खरी असेल तर ती चांगल्या महिन्यातही छळेल. टार्गेट पुरं होऊन इन्सेंटिव्ह खात्यात पडल्यावर तुझ्या मनात काय येतं, तेवढं बघ.

आता पैशाचं, कारण तो विषय निघाला की तू फोन ठेवतेस. ऑगस्टमध्ये तुझी पाच वर्षं भरतील. कायम नोकरीत पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी मिळते : दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून. मूळ पगार २६,००० धरला तर ७५,००० होतात. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर करही लागतो. तेव्हा प्रवेश वर्षभर पुढे गेला तरी चालेल, पण ऑगस्टच्या आधी राजीनामा नको. आणि बँकेचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. तुला थायरॉइड आहे. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्वतःची पॉलिसी आत्ताच काढ.

पुढची वाट लांब आहे, हेही ऐकून ठेव. बी.एड.ची दोन वर्षं. त्यावर सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी. शासकीय आणि अनुदानित शाळांच्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, आणि ती दरवर्षी होतेच असं नाही : २०१७ नंतर थेट २०२३, मग २०२५. निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० मानधनावर. मी तुला घाबरवत नाहीये. हे आकडे वहीत लिहिल्यावरही तुला शाळाच दिसत असेल, तर मला आनंदच आहे.

जावई म्हणतात, "तुला हवं ते कर." माणूस मनानं चांगला आहे, पण या उत्तरानं सगळा भार तुझ्या एकटीवर येतो. त्यांना नेमकं विचार : घराचा हप्ता दोन वर्षं तुमच्या एकट्याच्या पगारातून निघेल का? कुठला खर्च थांबवायचा? दोघं कागद-पेन घेऊन बसा.

आणि आता माझं खरं सांगणं. घरी बसून विचार करून हे सुटणार नाही, कारण तुझ्या डोळ्यांसमोरची शाळा तुझ्या लहानपणची आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुझी बँक बंद असते, आमची शाळा सकाळची. मुख्याध्यापकांना मी विचारून ठेवते. ये, आणि सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बस. शेकडेवारी शिकवताना काय होतं ते बघ. दहा मुलांचं गणित चटकन सुटतं, पंधरा जण फळ्यावरून उतरवतात, आणि एखादी पोर सूत्र बिनचूक लिहिते पण भागाकारात अडते, कारण चौथीत तो राहूनच गेला. तिच्या शेजारी बसून, पेन्सिलनं खुणा करत, तेच तिसऱ्यांदा सांगायचं. सांगताना आवाजात कंटाळा येऊ द्यायचा नाही. नंतर माझ्याबरोबर थांब. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन भरायची माहिती, वह्यांचा गठ्ठा, गैरहजर मुलाच्या घरी फोन. वर्ग सगळ्यांनाच आवडतो. वर्ग संपल्यानंतरचं हे काम तुला सोसतं का, ते मला बघायचं आहे. त्या भागाकाराच्या मुलीपाशी तुला स्वतःहून जावंसं वाटतं का, तेही. एका शनिवारात कळणार नाही. पावसाळाभर येत राहा.

तोवर मन एका जागी ठरत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. चालू पगार, डोक्यावर कर्ज, आणि कधीच न केलेलं काम, एवढं समोर असताना मन हेलकावे खाणारच.

बी.एड.ची पुढची सीईटी जाहीर झाली की फॉर्म भरून टाक. फॉर्म भरला म्हणजे नोकरी सोडली असं होत नाही. बाकी नातेवाइकांत मात्र एवढ्यात बोलू नकोस. कुणकुण लागून आत्यानं विचारलंच, तर माझ्याकडे पाठव, मी बोलेन तिच्याशी.