नॉच फिल्टरची घाई नको गं

अगं, विंड टनेलमधल्या तुझ्या हॉट-वायर प्रोबचा आलेख पाहिला. विजेच्या ५० हर्ट्झवर सुळका दिसला आणि तू लगेच प्रोग्रॅममध्ये नॉच फिल्टर टाकलास, हो ना? आधी काढ तो. तुझा सिलिंडर २० मिलिमीटर व्यासाचा, वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर. स्ट्रूहाल अंक ०.२ धर आणि कर हिशेब. भोवरे सुटण्याची वारंवारताही ५०च येते! जे मोजायला बसलीस तेच पुसून टाकत होतीस.

वारा कुठला आणि वीज कुठली, हे ओळखायला बहुतेक जण पंख्याचा वेग बदलून बघतात. लाइटचा सुळका जागचा हलत नाही, भोवऱ्यांचा हलतो. पण तुमचा पंखा ड्राइव्हवर आहे. वेग बदलला की मोटरच्या करंटची वारंवारताही बदलते, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा नको. वेग तोच ठेव आणि सिलिंडर १६ मिलिमीटरचा लाव. सुळका साडेबासष्टच्या आसपास सरकला तर तो वाऱ्याचा. (१०चा मुद्दाम घेऊ नकोस. भोवरे १०० हर्ट्झवर जातील आणि तिथे लाइटची दुप्पट वारंवारता आधीच ठाण मांडून असते.) मग पंखा चालू ठेवूनच प्रोबवर टोपण घाल. तरीही जे उरेल ते विजेचं, नाहीतर स्टँडच्या थरथरीचं.

आता गोंगाट येतो कुठून ते बघ. प्रोबचा ब्रिज एका सॉकेटवर, कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डावर, असं असेल तर दोन अर्थिंगमध्ये लूप तयार होतो. सगळं एकाच बोर्डावर आण. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक रेकॉर्डिंग घे, लगेच फरक कळतो. मात्र कोणी प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नकोस. शॉक बसेल. लूप तोडायचा तर डिफरन्शियल इनपुट वापर. सिग्नलची केबल ड्राइव्हच्या केबलला समांतर नेऊ नकोस, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड. प्रोबची केबल मात्र कापून आखूड करू नकोस, ब्रिज तिच्या लांबीवर जुळवलेला असतो.

तुझा सिग्नल व्होल्ट-दीड व्होल्टच्या पायावर उभा आणि त्यातली खरी थरथर काही मिलिव्होल्टची. म्हणून ब्रिजजवळच ऑफसेट वजा करून सिग्नल मोठा कर. पुढे केबलवर चिकटलेला गोंगाट मग तुलनेत क्षुल्लक ठरतो. लो-पास फिल्टर सॅम्पलिंगच्या आधी, हार्डवेअरमध्येच हवा. ड्राइव्हचं काही किलोहर्ट्झचं स्विचिंग एकदा दुमडून तुझ्या पट्ट्यात शिरलं की नंतर कोणताही प्रोग्रॅम ते वेगळं काढू शकत नाही.

आणि सरांना खडबडीत आलेख दाखवायला लाजू नकोस. टोपण घातलेल्या प्रोबचा स्पेक्ट्रमही त्याच अक्षांवर काढून दे, म्हणजे गोंगाटाची पातळी त्यांनाच दिसेल. टोपण घालताना तेवढं आधी ब्रिज स्टँडबायवर ने, ती तार पाच मायक्रॉनची आहे.