आपोआप जुळणारे पॉलिमर आणि एक उलटा प्रश्न

उद्यमबागेत ओतकाम कसं चालतं हे अनगोळच्या माणसाला सांगायला नको. आधी वाळूचा साचा, मग त्यात वितळलेलं लोखंड. आकार ठरवतो तो साचाच. पण आकार वीस-तीस नॅनोमीटरचा हवा असेल तर? एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. इतकं बारीक कोरणं फार महाग पडतं. त्यापेक्षा पदार्थालाच आकार घ्यायला लावलं तर?

पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांब साखळी. मराठी परिभाषेत 'बहुवारिक'. शब्द बरोबर आहे, पण सायन्सच्या मित्रांसमोर म्हणून बघा, 'म्हणजे काय?' असंच विचारतील. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले, गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे याच विषयातले.

आता दोन वेगळ्या साखळ्या टोकाला टोक जोडू. एक पॉलिस्टायरीनची, म्हणजे थर्माकोलमधली. दुसरी पीएमएमएची, म्हणजे ॲक्रिलिकच्या काचेतली. दोघींचं पटत नाही. तेल-पाणी निदान वेगळं होऊ शकतं. यांची गाठ सुटत नाही. वाटणी झालेल्या भावांनी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहावं, तसं त्यांना राहावं लागतं. दोघी समान असल्या तर एकाआड एक थर होतात. एक बरीच आखूड असली तर तिच्या नळ्या, आणखी आखूड असली तर गोळे. थर किती जाडीचे, ते साखळीच्या लांबीवर.

मोकळं सोडलं तर हे थर बोटाच्या ठशासारखे वेडेवाकडे पसरतात. 'आपोआप' हा शब्द तसा फसवाच. चिपवर सरळ रेषा आणि नेमके कोपरे हवे असतात, म्हणून खाली मोजके सूक्ष्म खांब उभारून वाट दाखवावी लागते. ते कुठे उभारायचे?

इथे प्रश्न उलटा होतो. खांब दिले तर आकार कोणता येईल, हे संगणक काढतो. आकार दिला तर खांब कुठे, याचं सरळ सूत्र नाही. मग शोध घ्यायचा. काही मांडण्या अंदाजाने घ्यायच्या, प्रत्येकीचा आकार संगणकावर काढायचा, हव्या आकाराच्या किती जवळ आला त्यावर गुण द्यायचे, आणि पुढची तुकडी चांगल्या मांडण्यांच्या आसपासची घ्यायची. उत्क्रांतीवर बेतलेली ही पद्धत शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये या कामाला लावली.

गुण कशाला द्यायचे, ते मात्र माणसाने सांगायचं. नुसतं 'आकार जुळला का?' एवढंच विचारलं, तर संगणक अशीही मांडणी पुढे करेल, की एक खांब जरा सरकला तरी सगळं बिघडेल. म्हणून खांब मुद्दाम थोडे सरकवून पुन्हा बघायचं, आणि त्याचेही गुण धरायचे.