शक्ती आणि संयम

आठ बाजूंच्या मऊ चटईवर दोन तरुण समोरासमोर उभे आहेत. एकाच्या छातीवरील कवच निळे, तर दुसऱ्याचे तांबडे आहे. दोघांनीही मस्तकावर शिरस्त्राण घातले असून हातापायांवर संरक्षक पट्ट्या बांधल्या आहेत. पंचाची आज्ञा होताच ते कमरेत वाकून परस्परांना अभिवादन करतात. मग 'शिजाक' हा कोरियन शब्द घुमतो. त्याचा अर्थ 'सुरू करा'. क्षणार्धात एकाचा पाय विजेसारखा वर उसळतो आणि दुसरा तितक्याच चपळाईने मागे सरतो.

हे दोघे एकमेकांचे वैरी नव्हेत. ते दोन भिन्न देशांतील विद्यापीठांचे विद्यार्थी आहेत. जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांतील तायक्वोंदोच्या लढतीचे हे दृश्य होय.

तायक्वोंदो हा मूळचा कोरिया देशातील खेळ. 'ताए' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. या युद्धकलेला हे नाव १९५५ साली मिळाले. १९७३ साली कोरियाची राजधानी सोल येथे तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिला पदकांच्या खेळांत स्थान मिळाले.

विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांचा इतिहासही उद्बोधक आहे. १९५९ साली इटलीतील तुरीन नगरात त्या या स्वरूपात प्रथम भरल्या. दुसरे महायुद्ध संपून अवघी चौदा वर्षे लोटली होती. कालपर्यंत ज्यांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते, तेच तरुण आता एका मैदानावर आले. तेथे निरनिराळ्या राष्ट्रगीतांच्या जागी विद्यार्थ्यांचे एक जुने लॅटिन गीत वाजविण्यात आले. विद्येच्या प्रांगणात सर्व समान, हाच त्यामागील भाव होता.

या स्पर्धांत तायक्वोंदोचा प्रवेश झाला तो २००३ साली, दक्षिण कोरियातील देगू शहरी. ते वर्ष त्या शहराला फार जड गेले होते. १८ फेब्रुवारी रोजी तेथील भुयारी रेल्वेत एका माणसाने आग लावली आणि १९२ जण प्राणास मुकले. घरोघरी शोक होता. तरीही ऑगस्ट महिन्यात देगूने जगातील विद्यार्थ्यांचे स्वागत केले. उद्घाटनाच्या दिवशी आणखी एक हृद्य प्रसंग घडला. कोरियातील युद्ध १९५३ साली थांबले होते. परंतु उत्तर व दक्षिण कोरिया यांतील दुरावा मिटला नव्हता. असे असूनही दोन्ही देशांच्या खेळाडूंनी त्या दिवशी एकाच ध्वजाखाली संचलन केले. त्या शुभ्र ध्वजावर अखंड कोरियाची निळी आकृती होती. पुढे २०१७ साली तैपेई येथील स्पर्धांपासून तायक्वोंदो हा तेथील आवश्यक खेळ ठरला.

या खेळाचे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. दुबळ्यावर बलवानाला सोडू नये, म्हणून खेळाडूंचे वजनाप्रमाणे गट पाडतात. लढतीच्या फेऱ्या जास्तीत जास्त तीन असतात आणि प्रत्येक फेरी दोन मिनिटांची असते. छातीवरील कवचावर ठोसा लागला तर एक गुण आणि लाथ लागली तर दोन गुण मिळतात. मस्तकापर्यंत पाय पोहोचविणे अधिक कठीण, म्हणून त्यास तीन गुण. गिरकी घेऊन मारलेल्या लाथेस याहूनही अधिक गुण असतात. मात्र मुठीने चेहऱ्यावर मारणे व कमरेखाली प्रहार करणे निषिद्ध आहे. नियमभंग केल्यास प्रतिस्पर्ध्याच्या पदरात एक गुण पडतो.

पण इतक्या वेगवान लढतीत प्रहार खरोखर लागला की नाही, हे कसे ठरवावे? पूर्वी हे सर्वस्वी पंचांच्या नजरेवर अवलंबून असे. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सन हिने अखेरच्या क्षणी चीनच्या चेन झोंगच्या मस्तकावर लाथ मारली, पण पंचांनी गुण दिला नाही. चेन विजयी घोषित झाली. पुढे चित्रफीत तपासली तेव्हा चूक ध्यानात आली आणि निकाल फिरविण्यात आला. आता कवच, शिरस्त्राण आणि मोजे यांत विद्युत्-यंत्रणा बसविलेली असते. पुरेशा जोराचा प्रहार ती स्वतःच नोंदविते. ठोशाचा गुण मात्र आजही पंचच देतात. प्रशिक्षकाला शंका आल्यास तो चित्रफितीची मागणी करू शकतो. परंतु ती शंका खोटी ठरली, तर पुन्हा मागणी करण्याचा हक्क तो गमावतो. म्हणून तक्रारही विवेकाने करावी लागते.

तायक्वोंदोचा 'पूम्से' नावाचा दुसराही प्रकार आहे. त्यात समोर कोणीच नसते. खेळाडू काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरावीक क्रमाने झुंजतो. पंच पाहतात ते त्याचा तोल, अचूकता आणि हालचालींतील लय. येथे जिंकायचे असते ते स्वतःच्याच शरीराच्या चंचलतेला.

लढत संपते. विजेत्याचा हात उंचावण्यात येतो. कोणाच्या डोळ्यांत आनंद असतो, तर कोणाच्या डोळ्यांत पाणी. तरीही दोघे पुन्हा एकमेकांपुढे वाकतात. ज्याच्या लाथेत वीट फोडण्याचे बळ आहे, त्याने मान लववावी, यातच या कलेचे मर्म आहे. नुसत्या हातापायांच्या बळाने मल्ल घडेल. परंतु 'दो', म्हणजे मार्ग, सापडतो तो त्या बळाला आवर घालणाऱ्यालाच.

स्वाध्याय

१. 'तायक्वोंदो' या शब्दाची फोड करून अर्थ सांगा.
२. देगू येथील उद्घाटनाचा प्रसंग हृद्य का म्हटला आहे?
३. हरलेल्या खेळाडूने अभिवादन करणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.