जुन्या काठ्यांचे मोल

काठी ही वस्तू इतकी साधी आणि इतकी ओळखीची आहे, की तिला काही इतिहास असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. झाडाची एक सरळ फांदी तोडावी, तिची साल काढावी, की झाली काठी तयार! परंतु आपल्या भाषेकडेच लक्ष दिले, तर या साध्या लाकडाने माणसाच्या जीवनात किती निरनिराळी कामे केली आहेत, हे ध्यानात येते. गुराख्याच्या हाती असते ती काठी. गुरुजींच्या हाती तीच छडी होते. पहारेकऱ्याजवळ दंडुका असतो, गोसाव्याजवळ सोटा असतो आणि मुंजीतील बटूच्या हाती पळसाचा दंड दिला जातो. 'दंड' या शब्दाचा अर्थ काठी असाही आहे आणि शिक्षा असाही आहे. दरबारात राजाच्या पुढे ललकारी देत चालणारा चोपदार तर काठीवरूनच ओळखला जाई. कारण 'चोब' या फारसी शब्दाचा अर्थच मुळी काठी असा आहे. लाकूड तेच, परंतु ते कोणाच्या हाती आहे, यावर त्याचे नाव व त्याचा मान अवलंबून असतो. जुन्या काठ्यांचा संग्रह करणाऱ्या जाणत्या माणसाला नेमकी हीच गोष्ट ठाऊक असते. काठी समोर आली म्हणजे तो प्रथम तिची किंमत विचारीत नाही. ती कोणी वापरली, हे विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर मात्र नेहमीच सोपे नसते. इ. स. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाने ईजिप्त देशात तुतनखामेन राजाची कबर शोधून काढली. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी, विशीच्या आतच मरण पावलेल्या या राजाबरोबर सोन्याचा मुखवटा, रथ, पलंग अशा हजारो वस्तू पुरलेल्या होत्या. त्यांत लहानमोठ्या सुमारे १३० काठ्या निघाल्या. कित्येक काठ्यांना सोन्याचा पत्रा मढविलेला होता. काहींच्या वाकड्या टोकांवर परदेशी बंदिवानांच्या आकृती कोरलेल्या होत्या. परंतु या सगळ्या वैभवात लक्ष वेधून घेते ती एका साध्या बोरूची काठी. हा बोरू महाराजांनी स्वहस्ते तोडला, अशा अर्थाची अक्षरे तिच्यावरील सोन्याच्या वेष्टनावर आहेत.

एवढ्या काठ्या एका तरुण राजाला कशासाठी हव्या होत्या? राजाला त्या जमविण्याचा छंद असावा, असे कार्टरला वाटले. पुढे २०१० साली काही शास्त्रज्ञांनी राजाच्या देहाची तपासणी करून असे मत मांडले, की त्याच्या डाव्या पायाच्या हाडांना विकार झालेला होता आणि चालताना त्याला काठीचा आधार घ्यावा लागत असावा. हे मत सर्वच विद्वानांनी मान्य केले असे नाही. कारण त्या देशात काठी हे प्रतिष्ठेचेही चिन्ह होते आणि धडधाकट अधिकारीही ती बाळगीत असत. म्हणजे त्याच काठ्यांत एकाला छंद दिसतो, दुसऱ्याला वेदना दिसते व तिसऱ्याला अधिकार दिसतो. अशा वेळी सोन्याच्या पत्र्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात त्या वापराच्या खुणा. टोक झिजले आहे काय, मूठ गुळगुळीत झाली आहे काय, हे पाहूनच पुढे तर्क करावा लागतो.

युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत काठी हे सभ्य गृहस्थाच्या पोशाखाचे एक अंगच बनले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे रिगो या चित्रकाराने १७०१ साली काढलेले एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात राजाने आपला राजदंड उलटा धरून हातकाठीसारखा टेकविलेला आहे. या काळी काठीसाठी सर्वांत मोठी मागणी होती ती मलाक्का वेताला. मलाया द्वीपकल्पात व सुमात्रा बेटात होणाऱ्या या वेताची पेरी इतकी लांब असतात, की एका पेऱ्यातून अखंड काठी निघू शकते. मध्ये गाठ येत नाही. शिवाय हा वेत हलका, चिवट आणि तांबूस तपकिरी रंगाचा असतो. मलाक्का बंदरातून चालणाऱ्या व्यापारामुळे त्याला हे नाव मिळाले.

काठीच्या टोकाला बसविलेल्या धातूच्या टोपणाला शेंबी म्हणतात. ही एवढीशी शेंबीदेखील इतिहास सांगते. अठराव्या शतकातील काठ्यांची शेंबी बरीच लांब असे. कारण तेव्हाचे रस्ते चिखलाचे होते आणि ओलाव्याने लाकूड कुजण्याची भीती असे. पुढे शहरांतील रस्ते फरसबंद होत गेले, तशी शेंबीही आखूड झाली. रस्ता सुधारला याची नोंद अशी काठीच्या टोकावर राहिली!

एकाच काठीने पाच घराण्यांची सोबत केल्याचे एक उदाहरण लंडनमध्ये पाहावयास मिळते. जॉन रॅडक्लिफ हा इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा वैद्य होता. त्याची सोन्याच्या मुठीची काठी त्याच्यामागून मीड, अॅस्क्यू, पिटकेर्न व बेली या नामांकित वैद्यांच्या हाती एकामागून एक गेली. या पाचही घराण्यांची मानचिन्हे तिच्या मुठीवर कोरलेली आहेत. बेलीच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने ती लंडनच्या राजवैद्यक महाविद्यालयाला दिली. विल्यम मॅकमायकेल या डॉक्टराने १८२७ साली या काठीवर एक पुस्तक लिहिले. त्यात काठी स्वतःच आपले आत्मवृत्त सांगते. तिला किती रोग्यांच्या बिछान्याशेजारी उभे राहावे लागले असेल!

दुसरी अशीच काठी अमेरिकेत आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांना फ्रान्समधील एका सरदार घराण्यातील स्त्रीने रानसफरचंदाच्या लाकडाची काठी भेट दिली होती. तिची सोन्याची मूठ स्वातंत्र्याची खूण मानल्या गेलेल्या टोपीच्या आकाराची आहे. १७८९ साली फ्रँकलिन यांनी आपल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडून ती काठी जॉर्ज वॉशिंग्टन यांना ठेवली आणि ती राजदंड असती तरी तो धारण करण्यास ते पात्रच होते, असा अभिप्राय व्यक्त केला. ज्या राष्ट्राने राजाची सत्ता झुगारून दिली, त्याच्या पहिल्या अध्यक्षाच्या हाती राजदंडाऐवजी मित्राची काठी आली, हे किती अर्थपूर्ण आहे! आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एकोणिसाव्या शतकात कारागिरांनी काठीच्या पोटात नाना वस्तू दडविल्या. कुणाच्या काठीत दुर्बीण असे, कुणाच्या छत्री, कुणाच्या बासरी. घोड्याची उंची मोजण्याची पट्टी असलेल्या काठ्याही होत्या. वैद्याच्या काठीत औषधांच्या बाटल्या असत. पाते दडविलेली काठी तर आपल्यालाही परिचित आहे. तिला आपण गुप्ती म्हणतो. पहिल्या महायुद्धानंतर मात्र काठी बाळगण्याची चाल हळूहळू मागे पडली आणि जी वस्तू रस्त्यातून नाहीशी झाली, ती संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली.

चांगला संग्राहक काठीचे चार भाग तपासतो: मूठ, मुठीखालचे कडे, दांडा व शेंबी. इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूवर तपासणीचे ठसे उमटविण्याची पद्धत आहे. त्यांतील एक अक्षर वर्ष दाखविते, तर एक चिन्ह तपासणीचे ठिकाण सांगते; नांगराचे चिन्ह असेल, तर ती बर्मिंगहॅमची समजावी. परंतु मुठीवरील ठसा जुना म्हणून सबंध काठी जुनी ठरत नाही. जुनी मूठ नव्या दांड्यावर बसवून विकणारे लोकही असतात. म्हणून चारही भागांचे वय एकमेकांशी जुळते की नाही, हे पाहावे लागते. उत्साही पण अजाण माणूस जुनी काठी घासूनपुसून, नवे रोगण देऊन चकचकीत करतो आणि तिच्यावरील वर्षानुवर्षांच्या हाताच्या खुणा एका दुपारी पुसून टाकतो. काठी उरते; तिची साक्ष नष्ट होते.

या छंदाला एक काळी बाजूही आहे. अनेक जुन्या काठ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या आहेत आणि त्यांच्यासाठी हत्तींना प्राण गमवावे लागले. आज आपल्या देशात हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. इंग्लंडनेही २०१८ साली कडक कायदा करून तो २०२२ पासून अमलात आणला. सौंदर्य पारखताना त्यासाठी कोणी किती किंमत मोजली, हेही संग्राहकाने विसरता कामा नये.

१२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी साबरमतीच्या आश्रमातून दांडीकडे निघाले, तेव्हा त्यांच्या हातात एक साधी काठी होती. तिला सोन्याची मूठ नव्हती की चांदीचे कडे नव्हते. तरीही भारतातील मुलामुलांना त्या काठीचे चित्र ओळखता येते. काठीला मोल येते ते असे!

तुमच्या घरातही माळ्यावर किंवा दाराआड एखादी जुनी काठी असेल. ती कोणाची, कोणत्या लाकडाची, कोणी केली, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना विचारा आणि ती माहिती कागदावर लिहून ठेवा. ती माणसे निघून गेल्यावर ती काठी केवळ लाकूड म्हणून उरेल.

स्वाध्याय

१. तुतनखामेनच्या काठ्यांविषयी कोणती निरनिराळी मते पुढे आली? ती एकमेकांहून भिन्न का आहेत?
२. शेंबीच्या लांबीवरून रस्त्यांची स्थिती कशी कळते?
३. जुन्या काठीला नवे रोगण देणे लेखकाला अयोग्य का वाटते?
४. 'दंड' हा शब्द त्याच्या दोन्ही अर्थांनी वाक्यांत योजा.
५. 'म्हातारपणाची काठी' व 'आंधळ्याची काठी' या शब्दप्रयोगांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
६. आपल्या घरातील एका जुन्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.