संत कॅथरिनचा मठ शुक्रवारी बंद असतो

आमच्या पॅरिशमध्ये पुन्हा पवित्र भूमीच्या यात्रेची बोलणी सुरू झाली आहेत आणि पुन्हा त्याच एजंटचे नाव पुढे आले आहे. म्हणून 2023 च्या फेब्रुवारीत त्याच्याबरोबर केलेल्या यात्रेत काय घडले ते एकदाचे लिहून टाकतो. ‘यात्रेत कुरकुर करायची नसते’ असे तेव्हा मला चारचौघांत ऐकवले गेले. माझी तक्रार देवाबद्दल नव्हती, एजंटबद्दल होती, आणि आजही आहे.

कैरोहून सिनायला बसने जायचे म्हणजे साधारण साडेचारशे किलोमीटर. सुएझ कालव्याखालचा बोगदा ओलांडला की उजव्या हाताला आखात आणि डावीकडे उघडे, भुरकट डोंगर. वाटेत मोशेच्या विहिरी लागतात, पुढे फैरानची खजुरीची दरी. जागोजागी चौक्या. कुठे पासपोर्ट गोळा करतात, कुठे पोलिसांची गाडी सोबतीला येईपर्यंत बस हलू देत नाहीत. पूर्ण दिवस या रस्त्यालाच द्यावा लागतो. छापील कार्यक्रमात तो दिला होता: बुधवारी सकाळी कैरो सोडायचे, रात्री सिनाय पर्वत चढायचा, गुरुवारी सकाळी संत कॅथरिनचा मठ.

बुधवारी आम्हाला पपायरसच्या दुकानात नेले, तिथून अत्तराच्या. दुपार उलटेपर्यंत एकेक बाटली हुंगवत बसवले. मग एजंटचा टूर मॅनेजर म्हणाला, ‘‘आता उशीर झाला, उद्या निघू. एक दिवस इकडेतिकडे, काय फरक पडतो?’’

शेवटी गुरुवारी निघालो. पर्वताची उंची 2285 मीटर. रात्री एक-दीडला चढायला सुरुवात करतात, म्हणजे सूर्योदयाला माथा गाठता येतो. उंटाचे भाडे वेगळे द्यावे लागणार, हे आम्हाला पायथ्याशी उभे राहिल्यावर कळले. ज्येष्ठांनी नीट वाचावे असे इथले सांगतो. उंट अगदी वर जात नाही. शेवटच्या साडेसातशे पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढाव्या लागतात. उंटवाला आपल्या चालीने पुढे निघून जातो आणि बसलेले माणूस काळोखात एकटे पडते. आमच्या काकी, वय ऐंशीच्या घरात, अशाच एकट्या पुढे गेल्या. हाका मारल्या तरी उत्तर येईना. तेव्हा दोन उंट जोडीनेच न्या आणि दोघांच्याही हातात बॅटरी द्या. फेब्रुवारीत वर पारा शून्याखाली जातो. कानटोपी, हातमोजे इथूनच न्या.

उतरून मठाच्या तटाशी आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दार बंद. पहारेकऱ्याने एकच शब्द उच्चारला, ‘‘फ्रायडे.’’ शुक्रवारी आणि रविवारी हा मठ यात्रेकरूंना बंद असतो; उघडा असतो तेव्हाही सकाळीच. त्या वाटेने गट नेणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असते. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेला मठ, मोशेला दिसलेले जळते झुडूप म्हणून ज्याला मान आहे ते झुडूप आत, आणि आम्ही ग्रॅनाइटच्या भिंतीबाहेर. काकींनी भिंतीला हात लावला, रोझरी काढली आणि तिथेच दगडावर बसल्या. त्या झुडपासाठीच त्या आल्या होत्या.

टूर मॅनेजर मला म्हणाला, ‘‘अंकल, बाहेरून फोटो छान येतो.’’ मी कार्यक्रमाचा कागद पुढे धरला, तर आवाज चढवून त्याने सगळ्यांना सांगितले की म्हाताऱ्या बायका वेळेवर तयार होत नाहीत, त्यामुळे दिवस गेला. हे धादांत खोटे. बुधवारी सातच्या आत सगळ्यांच्या बॅगा बसमध्ये चढल्या होत्या. माझ्या मोबाइलमधल्या फोटोंवर तारीख-वेळ आहे, कुणीही येऊन पाहावे. सर्वांत जास्त लागले ते आपल्याच माणसांचे मौन. नावे गोळा करणारे आमचे गटप्रमुख खाली मान घालून उभे होते. गट मोठा जमला की जमवणाऱ्याला एक जागा फुकट मिळते, या धंद्यातली ही जुनी रीत. त्यांची जागा तशी होती, हे मला परतल्यावर कळले.

तेव्हा पैसे भरण्याआधी गटप्रमुखाला सर्वांसमोर विचारा: तुमचे तिकीट कोण भरतो? कार्यक्रमात तारखेपुढे वार लिहून घ्या आणि कोणते स्थळ कोणत्या वारी बंद असते ते स्वतः तपासा. ‘कार्यक्रमात बदलाचा अधिकार राखून’ ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. तिच्याखाली ‘स्थळ वगळल्यास पैसे परत’ असे लिहून सही घ्या. दुकानांत जायचे की नाही, हे गटाने ठरवावे. एजंटने टीसीएस (सहलीच्या पैशांबरोबर गोळा केला जाणारा कर) घेतला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागा. ती रक्कम रिटर्न भरताना तुमच्या कराच्या हिशेबात धरता येते. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, पाणी भरपूर प्या, पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा.

काकी आता पुन्हा जाऊ शकणार नाहीत. त्या एका दिवसाचे पैसे तरी एजंटने त्यांना परत करावेत आणि तोवर त्याला पॅरिशच्या सूचनाफलकावर जागा देऊ नये, असे मी फादरांना लेखी कळवले आहे. पत्राची पोच माझ्याकडे आहे.