घरच्या कारखान्यातील टेबल करवत : मोटारीआधी गाईड पाहा

औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत घराच्या पुढच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडखाली फर्निचरचे काम करणारे मिस्त्री तयार टेबल करवत सहसा विकत घेत नाहीत. प्लायच्या फळीला खालून हातकटर उलटा कसायचा, फळीतून पाते वर काढायचे आणि कामाला लागायचे, अशी रीत आहे. पैसे वाचतात, काम निघते; तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण असे टेबल बनवताना काही गोष्टी राहून जातात आणि बोटे तुटतात ती त्यांच्यामुळेच.

आधी कटर कोणता, ते ठरवावे. चार इंची मार्बल कटर फरशीसाठी बनलेला आहे. तो मिनिटाला 12 हजारांहून अधिक फेरे घेतो. त्याला लाकडाचे दातेरी पाते लावायचेच असेल तर पात्यावर छापलेली कमाल गती वाचावी. ती कटरच्या गतीपेक्षा कमी असेल तर ते पाते लावू नये. सात इंची सर्क्युलर करवत सुमारे 5 हजार फेऱ्यांवर चालते आणि लाकडासाठी तीच योग्य. ती उलटी कसली की फळीच्या जाडीइतकी कापण्याची खोली कमी होते. 12 मिमी प्लाय असेल तर 12 मिमी गेले. म्हणून जिथे मशीन कसायचे तेवढ्या जागी 5 मिमीची सपाट लोखंडी प्लेट बसवून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. टेबलावर पात्याचे पुढचे दात खाली जातात, मागचे दात वर येतात. लाकूड गाईड आणि पात्याच्या मागच्या बाजूच्या मध्ये आवळले गेले की वर येणारे दात ते उचलून थेट कारागिराच्या अंगावर फेकतात. त्या झटक्यात हात पात्यावर ओढला जातो. पुष्कळांना वाटते की मोटार कमी पडली. प्रत्यक्षात गाईड तिरपे असते.

ते तपासायला महागडे माप लागत नाही. प्लग काढून ठेवावा. पात्याच्या एका दातावर खडूची खूण करावी, तो दात पुढे आणून गाईडपासून अंतर मोजावे. मग तोच दात फिरवून मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा एकच दात घ्यायचा, म्हणजे पाते किंचित वाकडे असले तरी माप चुकत नाही. दोन्ही अंतरे सारखी हवीत. फरक राहिलाच तर मागे अर्धा मिलिमीटर मोकळे चालेल, आवळलेले अजिबात नको. पाते टेबलाशी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून पाहावे.

दुसरी सुधारणा म्हणजे पात्याच्या मागे उभी पोलादी पट्टी. कापलेली फट मिटू नये हे तिचे काम. ती पात्याच्या अंगापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा पातळ असावी, दात 2.4 मिमी आणि अंग 1.6 मिमी असेल तर 2 मिमीची पट्टी घ्यावी. दातांपासून ती 3 ते 8 मिमी दूर ठेवावी. उलट्या करवतीचे स्प्रिंगचे झाकण निकामी होते, म्हणून वरून वेगळे झाकण याच पट्टीला जोडता येते. अरुंद तुकडा बोटांनी न ढकलता लाकडी काठीने ढकलावा. हातमोजे घालू नयेत, ते पात्यात गुंततात.

स्विचबाबत एक वाईट सवय आहे. कटरचे बटण चिकटपट्टीने दाबून बांधतात आणि भिंतीवरच्या स्विचने चालवतात. लाईट गेली आणि कारागीर टेबलावर वाकलेला असताना परत आली, तर करवत आपोआप सुरू होते. पाण्याच्या मोटारीला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा, नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावावा. लाईट आल्यावर तो स्वतःहून चालू होत नाही.

ज्यांना पट्ट्यावर चालणारी दहा इंची करवत करायची आहे त्यांनी पुलीचे गणित आधी करावे. 1440 फेऱ्यांच्या मोटारीला 6 इंची पुली आणि शाफ्टला 3 इंची लावली की शाफ्ट 2880 फेरे घेतो. पात्याची कड सेकंदाला सुमारे 38 मीटर जाते, आणि एवढ्यावर काम चांगले निघते. पुल्या सारख्याच ठेवल्या तर गती निम्मी राहते, लाकूड जळते आणि मिस्त्री जास्त जोर लावतो.

भुशाचेही पाहावे. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले आहे. घरात मुले असतील तर टेबलाखाली पेटी करून व्हॅक्यूमचा पाईप जोडावा. आगीचा धोका वेगळाच. मार्च 2025 मध्ये आझाद चौकातील फर्निचर दुकाने जळाली, ते शहराला आठवते. भुशाजवळ उघडी जोडणी ठेवू नये.

घरगुती मीटरवर धंद्याची मशीन चालवणे हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. जोडणी योग्य वर्गात आधीच करून घ्यावी. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तिच्यात अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतची मदत कर्जापासून वेगळी आहे. ज्यांना व्याजाचे कर्ज नको त्यांनीही तेवढ्यासाठी नोंदणी करायला हरकत नाही.